शुश्रूषेचे निवेदन : विस्मृती, कुटुंब आणि श्रोता

१

घरातील जराजर्जर माणसाची देखभाल करण्याच्या कृतीला मराठी बोलीत स्वतंत्र क्रियापद नाही. ‘तिनं सासूचं सगळं केलं’, ‘आईचं करायला घरात कुणी नाही’, ‘सासऱ्यांचं आजारपण तिनंच काढलं’ अशी वाक्ये मराठी घरांत सर्रास ऐकू येतात. त्यांच्या व्याकरणाकडे सहसा लक्ष जात नाही. ‘सासूचं करणं’ या प्रयोगात षष्ठी आहे, क्रियापद आहे. पण नेमके काय केले, ते सांगणारे कर्म गाळलेले आहे. अंथरूण बदलणे, घास भरवणे, रात्रीतून चार वेळा उठून दाराची कडी तपासणे, एकाच प्रश्नाला दिवसभरात चाळीस वेळा तेच उत्तर देणे, हे सारे त्या रिकाम्या जागेत सामावलेले असते. ‘उस्तवार’ हा शब्द त्या कष्टांच्या काहीसा जवळ जातो. मात्र बोलणाऱ्याच्या तोंडी तो बहुधा दुसऱ्याच्या संदर्भात येतो. ‘मी उस्तवार करते’ असे म्हणणे तक्रारीसारखे वाटते. शेवटी वृद्ध गेल्यावर ‘सुटले बिचारे’ असे म्हटले जाते. मागे राहिलेलीही सुटली, हे वाक्य मात्र कुजबुजीतच राहते.

आजाराच्या बाजूनेही भाषेची स्थिती फारशी वेगळी नाही. ‘साठी बुद्धी नाठी’, ‘म्हातारचळ’, ‘भ्रमिष्ट’, ‘दुसरं बालपण’ या शब्दांत स्मृतिभ्रंश ही व्याधी म्हणून दिसत नाही. ती कधी वयाचा स्वाभाविक परिणाम ठरते, कधी स्वभावाचा दोष, तर कधी थट्टेचा विषय. आलोईस अल्झायमर यांनी १९०६ साली एका रुग्णाच्या मेंदूतील बदलांचे वर्णन केले आणि १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी त्या व्याधीला अल्झायमर यांचे नाव दिले. ते नाव मराठी घरांत पोहोचायला बराच काळ जावा लागला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रव्यापी अभ्यासाच्या अनुमानानुसार भारतातील साठीपुढील व्यक्तींपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसे स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. यांतील फार मोठ्या संख्येची देखभाल घरातच होते. तेव्हा ‘करणं’ या कर्महीन क्रियापदाच्या आड उभ्या असलेल्या माणसांची संख्या किती मोठी असेल, याची कल्पना करता येते.

साहित्यविचाराच्या दृष्टीने येथे एक प्रश्न उपस्थित होतो. हा अनुभव कोण सांगते, आणि कोणाला? संस्कृतातील ‘शुश्रूषा’ या शब्दाची व्युत्पत्ती येथे मार्गदर्शक ठरते. ‘श्रु’ धातूच्या इच्छार्थक रूपापासून सिद्ध झालेल्या या शब्दाचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. सेवा हा अर्थ त्यातून पुढे विकसित झाला. शुश्रूषा करणारी व्यक्ती ही मुळात ऐकू इच्छिणारी व्यक्ती होय. मग तिचे ऐकण्याची इच्छा कोणाला असते? प्रस्तुत लेखात काही संहितांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

२

वार्धक्य हे आधुनिक मराठी नाटकाचे एक प्रभावी आशयसूत्र आहे. वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ (१९७०) आणि जयवंत दळवींचे ‘संध्याछाया’ या दोन नाटकांनी मराठी मध्यमवर्गाच्या मनात वार्धक्याची जी प्रतिमा रुजवली, ती आजही टिकून आहे. या प्रतिमेचे एक वैशिष्ट्य पुरेसे लक्षात घेतले गेलेले नाही. ही दोन्ही नाटके स्मरणाची नाटके आहेत. अप्पा बेलवलकरांची शोकात्मता ते विसरतात म्हणून घडत नाही. त्यांना सारे काही आठवते आणि इतरांना आठवत नाही, यातून ती घडते. रंगभूमीवरच्या भूमिका, भाषणे, मुलांचे बालपण, दिलेले दान हे सारे त्यांच्यापाशी आहे. ‘संध्याछाया’तील नाना-नानींचे दिवसही दूर गेलेल्या मुलांच्या आठवणींवर जातात. या नाट्यरचनेत वृद्ध हा साक्षीदार असतो, अपत्य आरोपी असते आणि प्रेक्षक न्यायाधीशाच्या जागी बसलेला असतो. वृद्धाची स्मृती हाच त्या खटल्यातील पुरावा.

स्मृतिभ्रंश ही रचनाच उलटी करतो. येथे पालक विसरतो आणि अपत्य स्मरणाचे ओझे वाहते. साक्षीदाराची साक्ष भरवशाची राहत नाही. ‘मला सकाळपासून कुणी जेवायला दिलं नाही’ असे वृद्ध शेजाऱ्याला सांगतो, तेव्हा ते त्याच्यापुरते खरे असते. ज्या सुनेने अर्ध्या तासापूर्वी त्याला भरवले, तिच्याजवळ मात्र पुरावा नसतो. अशा वेळी शेजारी ‘नटसम्राट’च्या प्रेक्षकाप्रमाणे वागला, तर त्यात नवल नाही, कारण हाती असलेले कथानक त्याला तेच आहे.

लॉरेन्स कोहेन या मानवशास्त्रज्ञाने १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या, वाराणसीतील क्षेत्रकार्यावर आधारलेल्या ग्रंथात नेमके हेच निरीक्षण मांडले आहे. म्हाताऱ्याचे बुद्धिवैकल्य हे मेंदूच्या विकाराचे लक्षण म्हणून न पाहता सेवेत कमी पडलेल्या ‘वाईट कुटुंबा’चे लक्षण म्हणून पाहण्याची प्रवृत्ती त्याला आढळली. वृद्धाचे बरळणे म्हणजे जणू कुटुंबावरचा आरोप. विशेष असे की कायद्यानेही हेच कथानक स्वीकारलेले दिसते. २००७ चा ज्येष्ठ नागरिक व पालक यांच्या निर्वाहाविषयीचा कायदा अपत्यांवर निर्वाहाचे बंधन घालतो. देखभालीच्या अटीवर दिलेली मालमत्ता ती अट मोडल्यास परत मिळवण्याची सोय त्यातील कलम २३ करते. अप्पा बेलवलकरांची चूक दुरुस्त करणारेच हे कलम म्हणावे लागेल. परित्यक्त वृद्धांसाठी असा कायदा आवश्यकच आहे. परंतु जी मुलगी वा सून पालकाला टाकत नाही, वर्षानुवर्षे सांभाळते, तिला आठवड्याकाठी एक दिवस विसावा मिळावा, याचा विचार त्या कथानकात नाही. तेथे दोनच भूमिका उपलब्ध आहेत: पांग फेडणारे अपत्य आणि कृतघ्न अपत्य. थकलेल्या अपत्यासाठी तेथे भूमिकाच नाही.

३

या पार्श्वभूमीवर जपानी कादंबरीकार सावाको आरियोशी यांची १९७२ सालची कादंबरी विचारात घेण्याजोगी आहे. ‘द ट्वायलाइट इयर्स’ या नावाने तिचा इंग्रजी अनुवाद १९८४ मध्ये झाला. वकिलाच्या कार्यालयात टंकलेखन करणारी अकिको ही तिची नायिका. सासूच्या आकस्मिक मृत्यूनंतर घराच्या ध्यानात येते की सासरे शिगेझो यांची स्मृती केव्हाच ढासळलेली आहे. सासूने ते आजवर झाकून ठेवले होते. शिगेझो आपल्या पोटच्या मुलाला ओळखत नाहीत. ते ओळखतात ते सुनेला, जिला त्यांनी एकेकाळी पुष्कळ छळलेले असते.

या कादंबरीचे सामर्थ्य तिच्या तपशिलात आहे. मराठी बोली ज्या कर्माला गाळते, ते आरियोशी लिहून काढतात: रात्रीचे जागणे, घराबाहेर निघून जाणे, अंघोळ घालणे, अंथरुणाची घाण. निवेदन तृतीयपुरुषी असले तरी दृष्टिबिंदू जवळजवळ अखंडपणे अकिकोचा आहे. त्यामुळे वाचकाला वृद्धाचा साक्षीदार होता येत नाही. सुनेच्या थकव्यातून वाट काढतच त्याला वृद्धापर्यंत पोहोचावे लागते. नवरा नोबुतोशी वडिलांमध्ये स्वतःचे भविष्य पाहतो आणि भेदरतो. त्या भीतीचा उपयोग मात्र तो जबाबदारी टाळण्यासाठी करतो. साहाय्याची चौकशी करावी, तर शासकीय यंत्रणेकडे मनोरुग्णालयाखेरीज फारसे काही नसते. अकिको थोर नाही. ती चिडते, हिशेब मांडते, सासरा मरावा असेही तिच्या मनात येऊन जाते. अंघोळीच्या वेळी तिची नजर क्षणभर दुसरीकडे वळते आणि शिगेझो पाण्यात बुडता बुडता वाचतात. त्या अपराधाच्या जाणिवेतून पुढे तिच्या सेवेला निराळे वळण लागते. हे परिवर्तन लेखिका सद्गुणाचा विजय म्हणून रंगवत नाही. ती तिच्यापुरती, एका घरात, फार मोठी किंमत देऊन झालेली तडजोड आहे, याचे भान कादंबरी शेवटपर्यंत राखते.

या कादंबरीच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या आणि १९७३ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला. जपानमध्ये दीर्घकालीन देखभालीच्या विम्याचा कायदा १९९७ साली संमत झाला व २००० पासून अमलात आला; २००४ मध्ये या व्याधीसाठीचा ‘चिहो’ हा मूर्खपणाची छटा असलेला शासकीय शब्द बदलून ‘निन्चिशो’ हा बोधनविषयक विकार सुचवणारा शब्द स्वीकारण्यात आला. एका कादंबरीने हे घडवले, असे म्हणणे साहित्याला नको तितके श्रेय देणे होईल. परंतु ज्या गोष्टीची घराबाहेर वाच्यता होत नव्हती, ती चारचौघांत बोलता येईल अशी भाषा या कादंबरीने उपलब्ध करून दिली, एवढे निश्चित म्हणता येते.

४

तृतीयपुरुषी निवेदनात लेखकाला जो आडोसा मिळतो, तो आत्मपर लेखनात मिळत नाही. फ्रेंच लेखिका आनी एर्नो यांनी आपल्या आईच्या अखेरच्या काळावर दोन पुस्तके लिहिली. पहिले, १९८६ साली आई गेल्यानंतर लगेच लिहायला घेतलेले, आईच्या आयुष्याचा आणि तिच्या सामाजिक स्थानाचा संयत आलेख मांडते. दुसरे १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णालयातील भेटींनंतर त्या त्या दिवशी टिपलेल्या नोंदी त्यात सुधारणा न करता छापल्या आहेत. पहिल्या पुस्तकात वाक्य पूर्ण होते. दुसऱ्यात ते तुटते. पहिल्यात मुलगी चरित्रकार आहे. दुसऱ्यात ती आईची आई झालेली, किळस आणि माया यांत एकाच वेळी सापडलेली स्त्री आहे. व्यवस्थित रचलेले कथन शुश्रूषेच्या अनुभवाला कोठे तरी खोटे पाडते, असे लेखिकेलाच जाणवले असावे. अन्यथा एका पूर्ण संहितेनंतर दुसरी, मुद्दाम अपुरी ठेवलेली संहिता प्रसिद्ध करण्याचे प्रयोजन उरत नाही.

जॉन बेली यांच्या पुस्तकात हा पेच अधिक तीव्र होतो. कादंबरीकार व तत्त्वज्ञ आयरिस मर्डॉक यांच्यावरील हे स्मरणलेखन १९९८ साली, त्या हयात असतानाच प्रसिद्ध झाले. १९९९ च्या फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले. शब्दांवर हुकमत असलेल्या स्त्रीचे नि:शब्द होणे तिच्या पतीने सांगितले, आणि ते सांगण्याला संमती वा नकार देण्याच्या स्थितीत ती नव्हती. हा आक्षेप गंभीर आहे. जिचा आवाज हरपला आहे, तिच्या वतीने बोलताना तिचा उरलेला एकांतही हिरावला जातो. परंतु याच पुस्तकात बेली स्वतःच्या संतापाची कबुली देतात, पत्नीवर ओरडल्याचे सांगतात. या कबुलीमुळे लेखनाचा रोख बदलतो. उघडा पडतो तो केवळ रुग्ण नव्हे. निवेदकही उघडा पडतो. शुश्रूषेच्या आत्मपर लेखनाची नैतिक कसोटी येथे सापडते. निवेदक रुग्णाच्या जितके उघड करतो, तितके स्वतःचे करतो काय? ज्या लेखनात रुग्णाचे विसरणे, बरळणे आणि बिछाना यांचे साग्र वर्णन येते पण निवेदक मात्र हसतमुख सेवामूर्ती राहतो, ते कितीही हृदयद्रावक असले तरी संशयास्पद मानले पाहिजे.

५

मराठीत हा विषय पूर्ण ताकदीने हाताळणारी महत्त्वाची कृती म्हणून सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटाकडे पाहावे लागते. २०१३ साली पूर्ण झालेला हा चित्रपट महाराष्ट्रात २०१६ मध्ये प्रदर्शित झाला. संवादलेखनासाठी सुमित्रा भावे यांना आणि साहाय्यक अभिनेत्री म्हणून अमृता सुभाष यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार लाभला. चित्रपट ही दृश्य संहिता असली, तरी तिच्यातील निवेदनाचा विचार येथे अप्रस्तुत ठरू नये.

डॉ. चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे व्यासंगी पंडित. ज्या परंपरेत पाठांतर हेच ज्ञानाचे वाहन, त्या परंपरेतील माणसाची स्मृती ढासळणे हा नुसता योगायोग नव्हे. स्मृती हीच प्रतिष्ठा मानणाऱ्या संस्कृतीलाच चित्रपट प्रश्न विचारतो. कन्या इरा गाडीतून थोडा वेळ उतरते, तेवढ्यात रस्त्यावरील हत्ती पाहून शास्त्री त्याच्या मागे निघून जातात. एका बाजूला मुलीचा शोध आणि त्या शोधात उलगडणारा भूतकाळ. दुसऱ्या बाजूला हत्ती घेऊन हिंडणाऱ्या कुटुंबातील चन्नम्मा, जी या अनोळखी म्हाताऱ्याला खाऊ घालते, स्वच्छ करते आणि ज्याच्या तोंडून स्वतःला ‘आई’ म्हणवून घेते, अशी ही दुहेरी रचना आहे.

या रचनेतून एक मर्मभेदी सत्य पुढे येते. इरा ज्यांची काळजी घेते, ते ‘आता नसलेले’ वडील आहेत. प्रत्येक चुकलेल्या शब्दामागे तिला हरवलेला पंडित दिसतो, म्हणून प्रत्येक क्षण तिच्यासाठी नवा शोक असतो. चन्नम्माला त्या पंडिताची ओळखच नाही. तिच्या समोर एक भुकेलेला, घाबरलेला जीव आहे आणि तेवढेच तिला पुरेसे आहे. भूतकाळाचे ओझे नसलेली सेवा हलकी असते, असे चित्रपट सुचवतो. शीर्षकातील स्वीकार इरालाही अखेर याच दिशेने शोधावा लागतो.

तथापि येथेच एक आक्षेप नोंदवणे आवश्यक आहे. चन्नम्माची सेवा काही तासांची आहे, इराची अनेक वर्षांची. एका दिवसाच्या करुणेच्या मापाने वर्षानुवर्षांच्या शुश्रूषेचे मोजमाप केले, तर घरातील स्त्री पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहते. यावेळी आरोप कृतघ्नतेचा नसून अपुऱ्या स्वीकाराचा असतो, इतकेच. शिवाय गरीब, भटक्या, परभाषक स्त्रीच्या ठायी उपजत मातृत्व पाहण्यात मध्यमवर्गीय कल्पनाशक्तीची एक जुनी सोय दडलेली आहे. प्रत्यक्षात अशाच स्त्रिया मजुरी घेऊन नागर घरांतील वृद्धांचे ‘करत’ असतात आणि त्या वेळी त्यांच्या स्वतःच्या घरातील म्हाताऱ्यांचे कोण करते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. ‘अस्तु’च्या बाजूने एवढे मात्र म्हटले पाहिजे की चित्रपट इराला तिचे थकणे, चिडणे आणि गोंधळणे नाकारत नाही. तिला देवी करण्याचा मोह त्याने टाळला आहे, आणि मराठी परंपरेत ही लहान गोष्ट नव्हे.

६

या संहितांतून निघणारा विचार सैद्धांतिक पातळीवर मांडण्यासाठी एव्हा फेडर किटे या तत्त्वचिंतिकेची एक संकल्पना उपयोगी पडते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी बाळंतिणीची देखभाल करणाऱ्या स्त्रीसाठीच्या ग्रीक शब्दावरून ‘डूलिया’ हे तत्त्व मांडले. आई बाळाची काळजी घेऊ शकते, कारण कोणीतरी आईची काळजी घेते. हीच साखळी समाजाने परावलंबी माणसांची सेवा करणाऱ्या सर्वांपर्यंत वाढवली पाहिजे, असा तिचा आशय आहे. मराठी संस्कृतीला ही कल्पना परकी नाही. पहिलटकरणीने माहेरी जावे, तिला शेकशेगडी, डिंकाचे लाडू आणि सक्तीची विश्रांती मिळावी, ही रूढी त्याच तत्त्वावर उभी आहे. बाळंतिणीला चाळीस दिवस कोणी आळशी म्हणत नाही. मात्र ‘दुसऱ्या बालपणा’ची देखभाल करणारीला कोणतेही माहेर नसते. वार्धक्याला बालपणाची उपमा देणाऱ्या भाषेने उपमेचा तेवढा अर्धाच भाग उचलला आहे.

गोव्यातील एका प्रयोगाकडे या संदर्भात साहित्याच्या अभ्यासकानेही पाहण्यासारखे आहे. अमित डायस, विक्रम पटेल प्रभृतींनी ८१ कुटुंबांमध्ये केलेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. थोडे प्रशिक्षण दिलेले स्थानिक सल्लागार सहा महिने नियमितपणे घरी जात. आजार समजावून सांगत, रुग्णाच्या वागण्याला कसे तोंड द्यावे ते सुचवत आणि सांभाळणाऱ्या व्यक्तीचे ऐकून घेत. रुग्णांच्या स्थितीत लक्षणीय फरक पडला नाही. फरक पडला तो सांभाळणाऱ्यांच्या मानसिक स्वास्थ्यात. आजार तोच राहिला, पण तो वाहणाऱ्याचा भार उतरला. निवेदनाच्या परिभाषेत सांगायचे तर या घरांना प्रथमच एक श्रोता लाभला. असा श्रोता, जो शेजाऱ्याप्रमाणे न्यायाधीश नव्हता आणि नातेवाइकाप्रमाणे हितसंबंधीही नव्हता.

साहित्याने समाजसेवा करावी, असा याचा अर्थ नाही. साहित्यकृतीचे मूल्य तिच्या उपयुक्ततेवर ठरत नाही, ही भूमिका येथे सोडण्याचे कारण नाही. मुद्दा वेगळा आहे. समाजाला जी कथानके ठाऊक असतात, त्यांच्याच चौकटीत तो शेजारच्या घराकडे पाहतो. ‘नटसम्राट’ हे थोर नाटक आहे, आणि तरीही सांभाळणाऱ्या सुनेकडे संशयाने पाहणाऱ्या नजरेला त्याच्या कथानकाने बळ दिले आहे. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. समीक्षेचे काम दुसऱ्या विधानासाठी पहिले नाकारण्याचे नाही, आणि पहिल्याच्या आदरापोटी दुसरे दडपण्याचेही नाही.

मराठीत या विषयावरील लेखन यापुढे वाढेल, यात शंका नाही. आयुर्मान वाढत आहे आणि कुटुंबे लहान होत आहेत. त्या लेखनाकडे वळताना समीक्षेने करुणेचे प्रमाण मोजू नये. सांभाळणाऱ्या माणसाचे वाक्य पूर्ण होऊ दिले आहे काय, ‘करणं’ या क्रियापदाचे गाळलेले कर्म लिहिले आहे काय, रुग्णाच्या उघडेपणाबरोबर निवेदकाचाही उघडेपणा पत्करला आहे काय, हे प्रश्न विचारावेत. ‘मी थकले आहे’ हे वाक्य मराठी घरात आजही कबुलीजबाबासारखे उच्चारले जाते. ते साधे विधान म्हणून उच्चारता यावे, इतकी जागा साहित्य निर्माण करू शकते. शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा असेल, तर वाचन हीदेखील एक शुश्रूषाच आहे.